कूलंटच्या टाकीला पत्रा कोणता?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की काही किलोमीटरवर नांदगाव पेठ लागतं. इथल्या औद्योगिक वसाहतीत रतन इंडियाचं औष्णिक वीज केंद्र आहे. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॅट. त्याचं पाणी येतं मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. इतकं पाणी कशाला, असा प्रश्न वऱ्हाडात अनेकदा विचारला गेला आहे, आणि त्याचं भौतिकशास्त्रातलं उत्तर चक्रावून टाकणारं आहे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात जेवढी वीज तारांवर चढते, त्याहून जास्त उष्णता वाफ गार करणाऱ्या पाण्यात उतरते आणि तिथून हवेत निघून जाते. वीज हा त्या आगीचा लहान हिस्सा.

गावावरून जाणाऱ्या महामार्गावर धावणाऱ्या मोटारींचाही हिशेब असाच आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाच-सहा लिटर पाण्यात. त्या एवढ्याशा पाण्यानं ही उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये हवेला द्यायची आणि परत यायचं, मिनिटाला कितीतरी वेळा. रेडिएटरचं बळ पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंशांवर आणि पाणी ९५ वर असेल, तर फरक ८० अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि तोच फरक ५० वर येतो. गाडी तीच, रेडिएटर तोच, पण त्याची ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटलेली. म्हणून आपल्याकडे गाड्या नेमक्या उन्हाळ्यात, चढावर आणि मालानं भरलेल्या असतानाच उकळतात.

या सगळ्या व्यवस्थेत एक दुर्लक्षित भांडं असतं: कूलंटची टाकी. जुनी जीप उभी करणारे, अॅम्बेसेडरमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणारे, मूळ प्लास्टिकची टाकी तडकली आणि नवी मिळत नाही म्हणून अडलेले, असे लोक ती पत्र्याची करून घ्यायला वेल्डरकडे जातात. तिथला पहिला सवाल ठरलेला: "पत्रा कोनता लावाचा, भाऊ?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला निघालं की विजेची रसायनं, कुकरचं गणित आणि पूर्णा खोऱ्यातल्या विहिरी, इतकं सगळं त्यात येतं.

आधी ही टाकी लागते कशाला ते पाहू. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी १०० अंशांपर्यंत नेलं, तर त्याचं आकारमान चार टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं. सहा लिटरमागे पाव लिटर, आणि त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असेल तर आणखी. या पाव लिटरला जागा हवी. नाहीतर पाणी कुठूनतरी वाट काढणारच, कारण द्रव दाबून लहान करता येत नाही. मोटारीच्या बाल्यावस्थेत हा प्रश्नच नव्हता. तेव्हा पाणी सरळ उकळू द्यायचे आणि वाफ उडून जायची. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्यानं केलेली तीनचाकी घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी थांबून त्यांना इंजिनात पाणी घालावं लागलं होतं. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा मधपोळ्यासारखा रेडिएटर बनवला. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं आणि गाडी पाणवठ्यांच्या तावडीतून सुटली. पुढे पाणी बंद करून दाबाखाली ठेवायची युक्ती आली. टाकीचा सगळा स्वभाव या दाबानं ठरतो.

इथे पत्र्याच्या दुकानात जाण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. टाकी दोन प्रकारची असते. जुन्या मारुतीसारख्या गाड्यांत दाबाचं टोपण रेडिएटरवरच असतं. बाजूची बाटली नुसती ओसंडलेलं पाणी साठवते आणि गार झाल्यावर परत देते. तिच्यात दाब नसतो, तिला पत्र्याची गरजच नाही. चांगलं जाड प्लास्टिक पुरतं. इथे धातूचा हट्ट म्हणजे हौस. युरोपीय घडणीच्या बहुतेक गाड्यांत मात्र दाबाचं टोपण टाकीवरच असतं आणि टाकी पूर्ण दाबाखाली असते. फोक्सवॅगन किंवा स्कोडाचं बॉनेट उघडून पाहा. टाकी चेंडूसारखी गोल दिसेल. तो आकार शोभेसाठी दिलेला नाही, हे पुढे कळेल.

टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमध्ये, म्हणजे जवळपास एका वातावरणाएवढा जास्तीचा दाब. अमरावती परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे. त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथे ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. टोपणानं १.१ बार दाब धरला की तेच पाणी १२० च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. आपल्या घरातला कुकर साधारण याच दाबावर शिट्टी देतो. म्हणजे गाडीच्या नाकाशी एक कुकर सतत हिंडत असतो, फक्त त्याची शिट्टी वाजू नये अशी आपली इच्छा असते.

हे लक्षात आलं की गरम गाडीचं टोपण का उघडायचं नाही, तेही समजतं. समजा पाणी ११५ अंशांवर आहे आणि दाबामुळे शांत आहे. टोपण फिरवलं की दाब जातो, आणि ९९ च्या वरची सगळी उष्णता एका क्षणात पाण्याच्या एका भागाची वाफ करते. हिशेब केला तर दर लिटरमागे जेमतेम ३० ग्रॅम पाणी वाफ होतं. ऐकायला किरकोळ. पण त्या ३० ग्रॅमची वाफ जवळपास ५० लिटर जागा मागते. हीच वाफ उरलेलं तापलेलं पाणी उघडणाऱ्याच्या हातावर आणि तोंडावर फेकते.

आता आकार. धातूच्या आधी आकार, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरगुती टाक्या इथेच फसतात. चौकोनी टाकी कापायला, वाकवायला आणि बॉनेटखाली बसवायला सोपी. समजा तिची एक बाजू १५ बाय १५ सेंटिमीटर आहे. १.१ बार दाबानं त्या एका बाजूवर येणारं बळ भरतं सुमारे अडीच क्विंटल. हो, क्विंटल. तळहाताहून थोड्या मोठ्या पत्र्यावर. सपाट पत्रा हे बळ वाकून सोसतो, आणि वाकणं ही पत्र्याची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा घेतला, तर त्या चौकोनाच्या कडांशी येणारा ताण गणितानं ५०० मेगापास्कलच्या वर जातो. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील सुमारे २०५ मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे भारीतला पत्रा आणूनही टाकी फुगणार.

तोच पत्रा १० सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात गुंडाळा. आता तो दाब वाकून न सोसता नुसता ताणून सोसतो, आणि ताण येतो फक्त साडेचार मेगापास्कल. शंभरपटीहून जास्त फरक, तोही एक पैसा जास्त न मोजता! चौकोनी टाकी फुगते तेव्हा ती खरं तर गोल व्हायला बघत असते. दाबाला हवा तो आकार ती स्वतःहून घेत असते, आणि त्या धडपडीत कोपऱ्यांतले वेल्ड रोज थोडे थोडे वाकतात. गाडी सकाळी सुरू झाली, तापली, रात्री निवली, की वाकणं-सुटणं असा एक फेरा झाला. असे हजारो फेरे झाले की कोपऱ्याला केसाएवढी चीर पडते. म्हणून टाकी गोल करावी. नळकांड्याची दोन्ही झाकणं थोडी फुगीर ठोकून घेतली तर फारच छान. चौकोनाशिवाय जागाच नसेल, तर आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून सपाट भाग लहान करावेत. त्या पट्ट्यांना भोकं ठेवावीत म्हणजे पाणी फिरतं आणि वळणावर ढवळून फेसही होत नाही.

आता दुकानात शिरू. वऱ्हाडात सगळ्यात सहज मिळणारा पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, जीआय. मार्च उजाडला की गावोगावी त्याचे कूलर ठोकायला सुरुवात होते. कूलरची टाकी याचीच, मग कूलंटची का नको? कूलरचं पाणी थंड असतं म्हणून. थंड पाण्यात जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण ६० अंशांच्या वर, विशेषतः बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात, हे नातं उलटं होऊ शकतं: जस्तावर असा थर बसतो की त्याच्याऐवजी लोखंडच झिजू लागतं. जो रक्षक म्हणून आणला तोच उलटतो, आणि कशामुळे, तर फक्त तापमानामुळे. शिवाय कूलंटमधल्या रसायनांचं जस्ताशी पटत नाही, त्याचा चिखल होऊन रेडिएटरच्या नळ्या तुंबतात. आणि वेल्डिंग करताना जस्त ९०७ अंशांना उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे वेल्डरना ठाऊक असतं. जीआय बाद.

मग साधा काळा किंवा सीआर पत्रा. स्वस्त, आणि कोणीही वेल्ड करून देतो. कोणी म्हणेल, इंजिनाचा ब्लॉकच बिडाचा असतो, तो कुठे गंजून जातो? मुद्दा बिनतोड वाटतो. पण ब्लॉक पाण्यानं काठोकाठ भरलेला असतो, आत प्राणवायू फारसा पोचत नाही. टाकी मुद्दाम अर्धी रिकामी ठेवलेली असते, फुगण्यासाठी. म्हणजे वर हवा, खाली गरम पाणी, आणि मध्ये कायम ओली रेघ. गंजाला लागतं ते सगळं त्या रेघेवर हजर. लोखंडी टाकी आधी पाण्याच्या पातळीशीच खाल्ली जाते ती यामुळे.

पितळ आणि तांब्याची गोष्ट वेगळी. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात रेडिएटर याच धातूंचे असत. सोल्डरनं सांधायचे, गळले की पुन्हा सांधायचे. त्या गाड्यांत आजही पितळेची टाकी शोभते आणि टिकते. शिशा-कथलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे ११० अंशांच्या पाण्याला पुरून उरतं. मात्र नव्या गाडीचा रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर तांबं-पितळ टाळावं. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले नसले, मध्ये रबरी पाइप असला, तरी सुटका नाही. तांब्याचे विरघळलेले कण पाण्याबरोबर वाहत जाऊन अॅल्युमिनियमवर बसतात. प्रत्येक कण तिथे एक अतिसूक्ष्म बॅटरी तयार करतो आणि आपल्याभोवतीचं अॅल्युमिनियम खातो. १८०० साली व्होल्टानं दोन धातू आणि खारं पाणी घेऊन जी बॅटरी रचली, तीच ही, फक्त कोणी न मागता सुरू झालेली.

पितळेची बाजू घेणारे आणखी एक कारण देतात: तांबं उष्णता लवकर वाहतं, टाकीतच पाणी गार होईल. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेसच्या सुमारे २५ पट, हे खरंच आहे. पण टाकीचा पृष्ठभाग रेडिएटरच्या पंखांपुढे नगण्य, आणि अडचण धातूतून उष्णता जाण्याची नसून पत्र्यावरून हवेत जाण्याची असते. टाकीसाठी हा आकडा विसरून जावा.

राहिले दोघे: अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस. दोघांचंही टिकण्याचं रहस्य एकच आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. अॅल्युमिनियम मुळात फार चटकन जळणारा धातू. हवेत उघडा पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो, दोन-चार नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा काही दहा हजारावा भाग. तेवढ्यावर सगळा धातू सुरक्षित राहतो. ओरखडा पडला तर थर तत्काळ पुन्हा बसतो. स्टेनलेसमध्ये हेच काम क्रोमियम करतं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं ते लोखंडात मिसळून पाहिलं. किमान साडेदहा टक्के असलं की थर जमतो, ३०४ मध्ये ते १८ टक्के असतं.

हाच थर वेल्डरला मात्र रडवतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइड २,००० अंशांच्याही वर. आतला धातू पातळ झाला तरी वरची कात तशीच राहते आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून आर्गॉन वेल्डिंगचं एसी यंत्र लागतं: प्रवाहाची अर्धी फेरी ती कात उडवते, उरलेली अर्धी धातू वितळवते. सेकंदाला अनेक डझन वेळा आलटून पालटून. ज्याच्याकडे फक्त डीसी यंत्र आहे त्याला अॅल्युमिनियमचा आग्रह करू नये.

अॅल्युमिनियमच घ्यायचं तर जात विचारून घ्यावी. दुकानातला साधा पत्रा बहुधा जवळपास शुद्ध आणि मऊ असतो. मागायचा तो ५०५२ किंवा ३००३. भारतीय मानकात यांचे जुळणारे क्रमांक ५२००० आणि ३१०००. जाडी दोन मिलिमीटर. इथे एक मजेदार सापळा आहे. जहाजांसाठी वापरतात ती ५०८३ जात जास्त मजबूत, समुद्रात टिकणारी, म्हणून कोणी हौसेनं आणेल. तिच्यात मॅग्नेशियम तीन टक्क्यांहून जास्त असतं, आणि ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं की ते कणांच्या सीमांवर गोळा होऊन धातूला आतून ठिसूळ करतं. समुद्राला पुरणारा पत्रा गाडीच्या गरम पाण्याला पुरत नाही.

स्टेनलेसमध्ये ३०४ मागावं, वेल्डिंगसाठी ३०४ एल मिळालं तर उत्तम. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला सारखंच, लोहचुंबक दोघांनाही धरत नाही, त्यामुळे चुंबक लावून घेतलेली परीक्षा इथे निकामी. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्यावं.

आता पाणी. अमरावतीच्या पश्चिमेला भातकुली, दर्यापूरकडे गेलं की पूर्णेचा खारपाणपट्टा सुरू होतो, तो अकोट, तेल्हाऱ्यावरून बुलडाण्यापर्यंत. तिथलं भूजल इतकं खारं की शेताला द्यायलाही लोक कचरतात. नांदगाव पेठ त्या पट्ट्याबाहेर असलं तरी गाडी पट्ट्यातून जातेच, आणि तापलेल्या गाडीत जवळच्या हातपंपाचं पाणी ओतलं जातंच. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो अदृश्य थर टोकरतं, अॅल्युमिनियमचाही आणि स्टेनलेसचाही. सगळीकडून सारखा गंज चढत नाही, एका बिंदूला भोक पडत जातं, बाकी पत्रा चकचकीतच राहतो. रासायनिक क्रियांचा ठोकताळा असा की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट. ३० अंशांवर जे भोक पडायला वर्षं लागतील, त्याची ९० अंशांवर काय गत होईल ते ताडून पाहा. कापड रंगवायच्या यंत्रांत गरम पाणी आणि मीठ दोन्ही असतं, म्हणून तिथे मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ जातीचं स्टेनलेस वापरतात.

म्हणजे कुठलाही पत्रा आणला तरी त्याचं आयुष्य आत काय ओततो यावर आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल थंडीसाठी आहे म्हणून वऱ्हाडात नको, असं अनेक जण म्हणतात. अर्धं बरोबर. इथे पाणी गोठत नाही. पण त्याच डब्यात गंजरोधक रसायनं असतात. बीड, अॅल्युमिनियम, रबर आणि टाकीचा पत्रा हे सगळे एकाच पाण्यात वर्षानुवर्षं नांदतात ते त्यांच्या जोरावर. ती संपत जातात, म्हणून कूलंट ठरलेल्या मुदतीत बदलायचं असतं. त्यात मिसळायचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतो ते.

माझा कौल ३०४ स्टेनलेसला. दोन लिटरची गोल टाकी १८ गेजच्या स्टेनलेसची केली तर सुमारे ९०० ग्रॅम भरते, दोन मिलिमीटर अॅल्युमिनियमची सुमारे ५००. शर्यतीच्या गाडीला हे ४०० ग्रॅम खुपतील, रस्त्यावरच्या गाडीला कळणारही नाहीत. स्टेनलेस साध्या डीसी आर्गॉननं जोडता येतं आणि तसा कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतो. जवळ चांगला एसी वेल्डर असेल आणि ५०५२ हाती लागलं, तर खुशाल अॅल्युमिनियम करा.

टाकी झाली की गाडीला लावण्याआधी तिची परीक्षा पाण्यानं घ्या, कॉम्प्रेसरच्या हवेनं नव्हे. आतली सगळी हवा काढून पाणी काठोकाठ भरा आणि हातपंपानं टोपणावरच्या आकड्याच्या दीडपट दाब द्या. वेल्ड सुटला तर चार थेंब गळतील आणि दाब उतरेल. हवा भरली असेल तर तीच टाकी बॉम्बसारखी फुटेल, कारण दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते, पाण्यात जवळजवळ नाही. टाकी इंजिनाच्या पाण्याच्या सर्वांत उंच जागी बसवा म्हणजे बुडबुडे तिच्यात येऊन जमतील. आणि टोपण मात्र घरी बनवू नका, कंपनीचंच घ्या. जास्त झालेला दाब वेळेवर सोडणारी झडप त्याच्यातच असते.